किल्ली शेजाऱ्याकडे

गाव ‘ब’
४ जानेवारी

प्रिय प्रोफेसर,

दचकू नकोस, ताईच आहे. आधी ‘छोट्या’ असंच लिहायला घेतलं होतं, पण तुझ्या सहायिकेनं पाठवलेल्या पत्राच्या माथ्यावर तुझ्या पदव्यांची एवढी रांग होती की हात आखडला. इतक्या वर्षांनी धाकटा भाऊ बहिणीची आठवण काढतो आणि तीही सहायिकेमार्फत, म्हटल्यावर बहिणीनं आपली पायरी ओळखून राहिलेलं बरं.

पोरगी लिहिते मात्र गोड. ‘सरांचं आपल्या गावाशी असलेलं जिव्हाळ्याचं नातं’ असं एक वाक्य आहे. ते मी दोनदा वाचलं आणि मग चहा टाकायला उठले, कारण दुसरं काही केलं असतं तर कपबशी फुटली असती.

तर निरोप पोचला. नियोजन आयोगाला तुझा ‘भरवसा निर्देशांक’ आता देशभर लावायचाय. कुठल्या गावाला कारखाना द्यायचा, कुठे पाण्याची योजना, कुठे दवाखाना, हे सगळं यापुढे त्या आकड्यावर ठरणार. त्याआधी तुझ्या पुस्तकातल्या दोन्ही गावांत पुन्हा एकदा पाहणी करून आकडा पक्का आहे याची खात्री त्यांना हवीय. लेखकानं हवी ती माणसं निवडली असं कुणी म्हणू नये म्हणून पाहणी स्थानिक कॉलेजनं करायची असा नियम आहे. आपल्या गावात कॉलेज एक, त्यात राज्यशास्त्राचा विभाग एक आणि विभागप्रमुख मी. ‘घरचंच माणूस असल्यानं सरांना निर्धास्त वाटतं,’ असंही ती लिहिते.

माझा होकार कळव तिला. निर्धास्त राहा.

तुझा सिद्धांत मी दरवर्षी दुसऱ्या वर्षाला शिकवते, माहीत आहे का तुला? अगदी चोख शिकवते. नदीच्या दोन काठांना दोन गावं. जमीन तीच, पाऊस तोच, कायदा तोच, दोन्हीकडे विणकरांची सहकारी गिरणी, दोन्ही एकाच सुमारास उभ्या राहिलेल्या. एक गाव वर चाललेलं, दुसरं रखडलेलं. सगळ्या बाबतींत सारखी दोन उदाहरणं घ्यायची आणि जो एक फरक उरेल तोच कारण समजायचा, ही तुलनेची जुनी आणि चांगली रीत आहे. तुला सापडलेला फरक म्हणजे भरवसा. गाव ‘अ’मधली माणसं एकमेकांवर भरवसा ठेवतात, गाव ‘ब’मधली ठेवत नाहीत. भरवसा नाही तर संस्था टिकत नाहीत, आणि संस्था टिकल्या नाहीत तर तुम्ही कितीही यंत्रं ओता, विकास होत नाही.

मुलं विचारतात, मॅडम, हे गाव ‘ब’ नेमकं कुठलं? मी म्हणते, खिडकीबाहेर बघा.

खरं म्हणजे तू पाहणी केलीस तेव्हा दोन गावांत उन्नीस-बीसचाच फरक होता. पूल आधी त्यांच्या बाजूनं बांधला गेला, एवढंच. पण तू भाकीत केलंस की ‘ब’ बुडणार. विकास महामंडळानं ते वाचलं, नवे माग वाटायची वेळ आली तेव्हा सगळे ‘अ’ला दिले आणि नकाराच्या पत्रात तुझं पान छापून पाठवलं. आपली गिरणी जुन्या मागांवर धापा टाकत चालली आणि मग बंद पडली. त्यानंतर लोक म्हणाले, वा, प्रोफेसरांचं भाकीत तंतोतंत खरं ठरलं. तुला पारितोषिक मिळालं ते त्याच वर्षी.

मला राग आलेला नाही. एकच गोष्ट हवी आहे, ती सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे नंतर फसवलं म्हणायला नको. तिसऱ्या प्रकरणात आपल्या गावाबद्दल जे लिहिलं आहेस ते तू स्वतः इथे येऊन, आपल्या गल्लीत उभं राहून, तोंडानं मागे घ्यायचंस. तळटीप चालणार नाही.

आप्पा बरे आहेत. तुझी चौकशी करतात.

ताई


२३ जानेवारी

छोट्या,

आता कसं, स्वतःच्या हातानं लिहिलंस. अक्षर अजून तसंच आहे, ओळ संपत आली की वर चढणारं.

माझ्या इच्छेबद्दल चकार शब्द नाही, ताकास तूर लागू दिली नाहीस. पण सतराव्या प्रश्नाबद्दल सबंध पान. ‘काळ बदलला आहे, तेव्हा सतरावा प्रश्न अद्ययावत करावा, अन्य प्रश्नांना हात लावू नये.’ मला गंमत वाटली. प्रश्नावली केवढी मोठी, आणि तुझं घोडं नेमकं तिथेच कसं पेंड खातं?

नाही बदलणार. एक शब्दसुद्धा नाही. दोन काळांची तुलना करायची तर मोजपट्टी तीच हवी, हे तुझ्याच पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात आहे आणि मी ते परीक्षेला विचारते.

तो प्रश्न मला पाठ आहे. ‘घराबाहेर जाताना आपण घराची किल्ली शेजाऱ्याकडे ठेवता का?’ गाव ‘अ’मध्ये बहुतेकांनी ‘हो’ सांगितलं. आपल्याकडे जवळजवळ सगळ्यांनी ‘नाही’. तुझं सगळं तिसरं प्रकरण या एका ‘नाही’वर उभं आहे. बाकीचे प्रश्न धूसर होते, कधी इकडे झुकणारे, कधी तिकडे. स्वच्छ फरक काय तो सतराव्यात.

आता मला सांग, प्रोफेसर. आपल्या घराला किल्ली होती का?

गिरणीच्या चाळी आठवतात ना? दाराला आतून कडी होती, बाहेरून कोयंडाच नव्हता. बांधतानाच लावला नव्हता, कारण गरजच नव्हती. गिरणी तीन पाळ्यांत चाले, एक पाळी कामावर तर दुसरी घरात झोपलेली. दिवसाच्या कुठल्याही वेळी कुठल्याही घरात कुणी ना कुणी असे, आणि नसलं तर शेजारचं माणूस येऊन बसे. आई पहिल्या पाळीला जायची तेव्हा आपल्याला कोण उठवायचं? शेजारचे जॉबरकाका, रात्रपाळी करून आलेले, डोळे तांबारलेले, तुझ्या अंगावरचं पांघरूण ओढत. गिरणीत मागांच्या एका रांगेवर देखरेख करायचे आणि घरी आपल्यावर. त्यांना कुणी किल्ली दिली नव्हती, कारण दारच उघडं होतं.

वरच्या गावात, म्हणजे तुझ्या ‘अ’मध्ये, गिरणी एकाच पाळीत चाले, बाकी शेतं आणि दुकानं. माणसं सकाळी एकदमच बाहेर पडत, कुलूप लावत, किल्ली शेजाऱ्याकडे ठेवत. त्यांनी ‘हो’ सांगितलं, बरोबरच आहे. आपल्या माणसांना कुणी राजधानीतला विद्यार्थी येऊन विचारतो, किल्ली शेजाऱ्याकडे ठेवता का, तर ते काय सांगणार? ‘नाही ठेवत.’ तो पोरगा खूण करून पुढच्या घरी गेला. प्रश्न तू कुठल्याशा परदेशी प्रश्नावलीतून उचललेला, पोरं भाड्यानं आणलेली, आणि तू स्वतः मुक्काम ठोकलास वरच्या गावच्या विश्रामगृहात. उंटावरून शेळ्या हाकल्यास.

तरीही मी म्हटलं असतं, चूक झाली. मोठमोठ्यांची होते. जे शब्द एका ठिकाणी भरवशाची खूण असतात ते दुसऱ्या ठिकाणी काहीच सांगत नाहीत, हा तुलनेतला नेहमीचा खड्डा आहे. पण तू परका नव्हतास ना. तू त्या उघड्या दारातून रांगत बाहेर गेला होतास आणि जॉबरकाकांनी तुला तंगडीला धरून आत आणलं होतं. आणि कच्चा मजकूर मला वाचायला पाठवलास तेव्हा मी हे सगळं सविस्तर कळवलं होतं. तुझं उत्तर आलं: ‘ताई, एका गावाच्या तपशिलानं सिद्धांत मोडत नसतो.’ तू विसरला नव्हतास. तुला तो ‘नाही’ हवा होता, कारण त्याच्याशिवाय पुस्तक होत नव्हतं.

त्या दिवसापासून मी पत्र टाकलं नाही. आता टाकतेय, कारण आता प्रश्न माझ्या हातात आहे.

तुझी अट मान्य नाही, आयोगालाही तसं कळवलंय. त्यांचं उत्तर आलं, ‘मूळ प्रश्नावली जशीच्या तशी वापरावी.’ खाली शिक्का.

ताई


१४ फेब्रुवारी

छोट्या,

पाहणी सुरू झाली. माझ्या मुली घरोघरी फिरतात. त्यांना सक्त ताकीद आहे: प्रश्न वाचायचा, उत्तर लिहायचं, मान हलवायची नाही, हसायचं नाही. उद्या तू म्हणशील ताईनं पढवलं. मला पढवायची गरज नाही आणि हीच खरी मजा आहे.

फोन करत जाऊ नकोस. आप्पा उचलतात आणि मग तासभर खुशीत असतात, आणि त्यांची ती खुशी मला बघवत नाही. परवा तू त्यांना म्हणालास म्हणे, ‘ताईला सांगा, जुन्या गोष्टी उकरू नको.’ त्यांनी मला विचारलं, “कुठल्या गं जुन्या गोष्टी?” मी म्हटलं, “लहानपणी याला मी झोडपायची, ते.” म्हणाले, “मग माफी माग की त्याची.”

बघ, काय दिवस आलेत.

तुला एक गोष्ट माहीत नाही, ती आज सांगते. तुझं पुस्तक आलं तोवर आप्पांची नजर गेली होती हे तुला ठाऊक आहे. गिरणीचे अध्यक्ष म्हणून ते महामंडळाच्या पायऱ्या झिजवत होते तेव्हाच डोळ्यांपुढे धुकं होतं. पुस्तक हातात आल्यावर त्यांनी कव्हर चाचपलं, कागदाचा वास घेतला आणि म्हणाले, वाचा. जॉबरकाका वाचायला बसले. रोज संध्याकाळी, आमच्या ओट्यावर. पहिलं प्रकरण झालं, दुसरं झालं. आप्पांना त्यातलं फारसं कळत नव्हतं, पण जड शब्द आला की मांडीवर थाप मारायचे, आपल्या पोराचा शब्द म्हणून.

मग तिसरं आलं. त्याची सुरुवात तुला पाठच असेल. ‘गाव ‘ब’मधील एका ज्येष्ठ जॉबरला विचारले असता तो तुटकपणे म्हणाला: मी कुणालाही किल्ली देत नाही. या एका वाक्यात त्या गावाच्या अधोगतीचे सार आहे.’

जॉबरकाकांनी ते मनात वाचलं. मी दारात उभी होते, त्यांचा चेहरा बघितला. कुणाबद्दल लिहिलंय ते त्यांना तिथल्या तिथे कळलं. त्या गल्लीत जॉबर एकच होता आणि तुटक बोलणाराही तोच.

आप्पा म्हणाले, “थांबलात का?”

काका म्हणाले, “पानंच नाहीत हो. दुसऱ्यानंतर एकदम चौथं. छापखान्यात राहून गेलेलं दिसतंय.”

“तिसऱ्यात आपलं गाव असणार,” आप्पा म्हणाले. “नेमकं तेच राहिलं. काय हा छापखाना.”

त्या संध्याकाळपासून सबंध गाव मूग गिळून आहे. माग नाकारल्याचं पत्र आलं, त्याला तुझं पान जोडलेलं होतं. कार्यालयातल्या कारकुनानं आप्पांना पत्र वाचून दाखवलं आणि पान खिशात घातलं. गिरणी बंद झाली, सभा झाली, लोकांनी महामंडळाला शिव्या घातल्या, तुझं नाव एकानंही काढलं नाही. अध्यक्षांच्या पोरामुळे पोट गेलं हे ज्याला त्याला ठाऊक होतं. भांडणांत माणसं काय काय बोलून जातात, पण या गल्लीत भर भांडणातही कुणी ते आप्पांना ऐकवलं नाही. चहाच्या दुकानात नाही, कुणाच्या मयतीत नाही. जी माणसं एकमेकांवर भरवसा ठेवत नाहीत असं तू जगाला सांगितलंस त्यांनी इतकी वर्षं एका म्हाताऱ्यासाठी तोंड शिवून घेतलं, आणि प्रत्येकाला भरवसा होता की दुसराही गप्प राहील.

हे तुझ्या कुठल्या प्रश्नात बसतं?

त्यांची दया बघून माझ्या अंगाची लाही होते. ते विसरले असतील, मी नाही.

ताई


२ मार्च

छोट्या,

आकडे आले. सारणी सोबत आहे, पण तू चष्मा शोधेपर्यंत मीच सांगते.

सतरावा प्रश्न. गाव ‘ब’मध्ये आता जवळजवळ प्रत्येक जण ‘हो’ म्हणतो. गाव ‘अ’मध्ये जवळजवळ कुणीच नाही.

तुझ्या मोजपट्टीनं आपलं गाव देशातलं सगळ्यात भरवशाचं आणि तुझं लाडकं गाव रसातळाला. अभिनंदन.

ताई


१७ मार्च

छोट्या,

एकाच आठवड्यात तुझी तीन लांबलचक पत्रं. आईच्या आजारपणात एक आलं नव्हतं.

पहिल्यात म्हणतोस, मुलींनी उत्तरं उलटी नोंदवली असतील. आयोगानं स्वतःची माणसं पाठवून पुन्हा विचारून घेतलं, आकडे तेच. आणि वरच्या गावची पाहणी तर त्यांच्या कॉलेजनं केली, तिथे मी पाऊल टाकलेलं नाही.

असं का झालं, तेही विचारतोस. तुला खरंच माहीत नाही? गिरणी गेली आणि पाळ्याही गेल्या. घरातली कर्ती माणसं परगावी कामाला जायला लागली, घरं दिवसभर रिकामी. तेव्हा लोकांनी दाराला कोयंडे ठोकले. चौकात पहिल्यांदा कुलपांचं दुकान निघालं आणि आज तेच सगळ्यात जोरात चालतं. कुलूप आलं म्हणजे किल्ली आली, आणि किल्ली ठेवणार कुणाकडे? ज्यांच्याकडे आधी दार उघडं टाकून जायचे त्यांच्याकडेच. जॉबरकाकांच्या भिंतीला खिळे मारलेत आणि त्यावर अर्ध्या गल्लीच्या किल्ल्या लटकतात. ‘मी कुणालाही किल्ली देत नाही’ म्हणणारा तो माणूस आता सगळ्यांच्या किल्ल्या सांभाळतो. वरच्या गावात माणसं श्रीमंत झाली, उंच इमारतींत राहायला गेली, दाराला आकडे दाबायचं कुलूप आणि फाटकावर पहारेकरी. शेजाऱ्याचं तोंड बघायची वेळ येत नाही, तिथे किल्ली कसली ठेवतात.

दुसऱ्या पत्रात तू ठिगळं लावायला बसलास. समृद्धी आली की माणसं आपापली होतात, हा आधुनिकीकरणाचा टप्पा आहे म्हणे. मग एकदा पडलेल्या वाटेवरून समाज सहज हटत नाही म्हणून या फरकाकडे तात्पुरता म्हणून बघावं. मग राज्यसंस्थेची क्षमता. कपाटातला प्रत्येक सिद्धांत काढून अंगावर घालून बघितलास, एकही बसेना. एक मात्र तू घातला नाहीस. माग कुणाला द्यायचे हे ज्यांच्या हातात असतं त्यांनी कुणाला दिले, त्यावरून गावं वर येतात आणि बुडतात. तो साधा आहे, परदेशात त्यावर भाषण द्यायला कुणी बोलवत नाही.

आता तिसरं पत्र. हे मला आवडलं. इथे तू खाली उतरलास. ‘सतरावा प्रश्न गाव ‘ब’च्या परिस्थितीला लागू पडत नाही असं आपण दोघांनी संयुक्तपणे आयोगाला कळवावं, म्हणजे तो वगळता येईल.’

कळवू की. पण जरा विचार कर. प्रश्न आज लागू पडत नसेल तर तेव्हाही पडत नव्हता, आणि मग तिसरं प्रकरण पडलं, आणि तिसरं पडलं की पुस्तकाचं छप्पर खाली. आणि प्रश्न बरोबर आहे म्हणालास तर उद्यापासून देशातले सगळे कारखाने बुडालेल्या गावांना जाणार, कारण तुझ्या निर्देशांकाप्रमाणे बुडालं की भरवसा वाढतो. आयोगाचे लोक एवढे भोळे नाहीत, निर्देशांकच टोपलीत टाकतील. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्ही तूच खणलेल्या.

तू ‘लागू पडत नाही’ निवडलंस. शहाणा आहेस, त्यात निदान लाज थोडी कमी जाते. निवेदन मी तयार केलंय: हा प्रश्न पहिल्यापासून चुकीचा होता, लेखकाला तसं लेखी कळवलं होतं, तरी त्यानं तो वापरला. खाली दोन सह्या लागतील. माझी झालीय.

तू लिहितोस, पोस्टानं पाठव. नाही पाठवणार. सही करायला इथे यायचं, घरी. पहिल्या पत्रात काय मागितलं होतं ते काढून वाच.

‘ताई, हे सगळं गाजावाजा न करता होऊ शकतं,’ असं शेवटी लिहिलं आहेस. गिरणीचा भोंगा बंद झाला तेव्हाही गाजावाजा झाला नव्हता. लोक सवयीनं डबे घेऊन फाटकापर्यंत गेले आणि परत आले.

ताई


दारावर लावलेली चिठ्ठी
६ एप्रिल, दुपार

छोट्या,

आलास. दाराला कुलूप बघून चमकलास ना? आत्ताच्या आत्ता फोन काढू नकोस, मी उचलणार नाही. मी गावातच आहे, अगदी हाकेच्या अंतरावर.

निवेदन आतल्या टेबलावर ठेवलंय, शेजारी पेन. सही केलीस की तू मोकळा. पण आत जायला किल्ली लागेल आणि किल्ली शेजाऱ्याकडे आहे. डावीकडचं दार, जॉबरकाकांचं. लहानपणी ज्या दारातून न विचारता आत शिरायचास तेच. आज विचारावं लागेल.

काका किल्ली देतील. त्यांचा तुझ्यावर राग नाही, काय करणार, माणूसच तसा आहे. पण आधी तुला त्यांच्या ओट्यावर बसावं लागेल, कारण तिथे आप्पा बसलेत. सकाळपासून. नवा सदरा घातलाय, दाढी करून घेतलीय, चहासुद्धा तू आल्यावरच घेणार म्हणतात. मी त्यांना काल सांगितलं, तिसरं प्रकरण सापडलं, आणि लेखक स्वतः येऊन वाचणार आहे.

मी एवढंच सांगितलं. त्यात काय आहे ते सांगितलं नाही. त्यांची समजूत आहे की त्यात गिरणीचं कौतुक असेल, उघड्या दारांचं असेल, आणि जॉबरकाकांचं नाव असेल. सकाळी काकांना म्हणत होते, “तुम्ही त्याला तंगडीला धरून आणलं होतं ते लिहिलंच असणार बघा त्यानं.” काका मान हलवत होते.

पुस्तक त्यांच्या मांडीवर आहे. खूण घालून ठेवलीय, पान शोधायला लागणार नाही.

छापलंय ते वाच, नाहीतर तेव्हा लिहायला हवं होतं ते वाच. आप्पांना दिसत नाही, त्यांना फरक कळणार नाही. पण गल्ली जमलेली असेल आणि तिला ते प्रकरण शब्दन् शब्द पाठ आहे. छापलेलं वाचलंस तर इतकी वर्षं सगळ्यांनी आप्पांपासून जे झाकून ठेवलं ते तू स्वतःच्या तोंडानं त्यांच्या पदरात टाकशील, तेही काकांच्या समोर बसून. दुसरं वाचलंस तर ओळी मनानं जुळवत, आपलंच पुस्तक खोडत बसावं लागेल, आणि समोरच्या प्रत्येकाला कळेल की तुला खरं काय ते तेव्हाही येत होतं.

घाबरू नकोस. तू काहीही वाचलंस तरी कुणी मध्ये बोलणार नाही. गप्प राहायची त्यांना सवय आहे, तेवढा भरवसा ठेव.

मी समोरच्या खिडकीत उभी आहे. जरा मोठ्यानं वाच, आप्पांना हल्ली ऐकूही कमी येतं.

ताई